प्याऊचा दगड घासून झाला, पाण्याचं काय?

मुंबईत गेली काही वर्षं जुन्या प्याऊंची, म्हणजे रस्त्यावरच्या दगडी पाणपोयांची, दुरुस्ती चालू आहे, आणि "कशाला त्या दगडांवर पैसे घालवता" म्हणणाऱ्यांतला मी नाही, मला उलट आनंदच होतो. फोर्टातलं रतनसी मुळजी जेठांचं कारंजं किती वर्षं काळवंडून उभं होतं, ते साफ झालं, 2018 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत त्याचा सन्मान झाला. मशीद बंदरच्या भात बाजारातलं केशवजी नाईकांचं कारंजं आणि त्यावरचा घड्याळाचा मनोरा नीट झाला. राणीच्या बागेतल्या जुन्या प्याऊचं काम झालं. ज्यांनी हे केलं त्या वास्तुविशारदांना आणि पाथरवटांना मनापासून सलाम.

पण माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. आपण पाणपोई वाचवायला निघतो तेव्हा आधी दगडाचा विचार करतो, मग लाइटिंगचा, मग माहितीच्या बोर्डाचा, आणि पाणी आलं तर आलं, बोनस. काही ठिकाणी पाणी आलंय, चांगलंच आहे. काही ठिकाणी रात्री पिवळा फोकस पडतो आणि नळ कोरडा. माझं म्हणणं एवढंच की पाणपोई चालवणं हे महापालिकेच्या पाणी खात्याचं रोजचं काम आहे, जसं गटार काढणं किंवा रस्त्यावरचा दिवा बदलणं, ते हेरिटेजवाल्यांचं नाही, दानशूर ट्रस्टचं नाही, समाजकार्याच्या फंडातून (सीएसआर) पैसे देणाऱ्या कंपनीचं तर अजिबात नाही. जोवर ते पाणी खात्याच्या गळ्यात पडत नाही तोवर आपण एकाच प्याऊचं दर वीस वर्षांनी उद्घाटन करत बसू.

थोडा इतिहास बघितला की हे का म्हणतोय ते कळेल.

1860 च्या आधी मुंबईत रस्त्यावर नळ असणं शक्यच नव्हतं, कारण नळ कशाला जोडणार? शहर विहिरी आणि तलावांवर जगत होतं, आजही धोबी तलाव, गोवालिया टँक, सीपी टँक ही नावं जिभेवर आहेत, तलाव मात्र कधीच बुजले. विहार तलावाचं काम 1860 मध्ये पुरं झालं आणि पाइपातून पाणी शहरात आलं, तेव्हा पहिल्यांदा असं झालं की पाणी आपण होऊन माणसाच्या रस्त्यात येऊन उभं राहू शकतं. त्याच सुमाराला लंडनमध्ये पण हेच चाललं होतं. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने 1854 मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा आणि कॉलऱ्याचा संबंध दाखवला, 1859 मध्ये सॅम्युअल गर्नी वगैरे मंडळींनी संस्था काढून लोकांना फुकट स्वच्छ पाणी द्यायला सुरुवात केली, पहिला नळ एका चर्चच्या भिंतीत बसवला. ही कल्पना मुंबईच्या शेटियांनी फार पटकन उचलली. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शहरात चाळीस ठिकाणी पिण्याच्या पाण्याची सोय करून दिली, आणि एवढ्यावर न थांबता 1869 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्येही एक कारंजं बांधून दिलं, ते अजून तिथे आहे. म्हणजे मुंबईच्या पैशाने लंडनकर पाणी प्यायले, हे आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही!

केशवजी नाईकांचं कारंजं 1876 चं. जागा बघा कुठली निवडली, भात बाजार, मांडवी, गोदीचा सगळा माल जिथून जातो तो भाग, दिवसभर हमाल आणि बैलगाड्या. तेव्हाच्या या पाणपोया म्हणजे बैल आणि घोड्यांचे पेट्रोल पंपच होते म्हणा ना, 1874 पासून तर मुंबईत घोड्यांच्या ट्रामही धावायला लागल्या होत्या. म्हणून अशा बांधकामात साधारण तीन उंच्या दिसतात. कमरेच्या वर माणसांसाठी तोटी, खाली जनावरांसाठी दगडी कुंड, आणि कुठे कुठे वर पक्ष्यांसाठी उथळ वाटी. ज्याने कोणी हे डिझाइन केलं त्याने तहान नावाच्या गोष्टीचा नीट विचार केला होता, आजच्या स्टीलच्या चौकोनी कूलरमध्ये तो दिसत नाही.

जेठांच्या कारंज्याची गोष्ट जास्त हळवी आहे. मोठा व्यापारी, मुलगा ऐन पोरवयात गेला, बापाने त्याच्या नावाने रस्त्यावर पाणी सुरू केलं. डिझाइन व्हीटी स्टेशन उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं, आणि वर टोकाला पुस्तक वाचत बसलेला मुलगा. त्या कोपऱ्यावरून रोज हजारो लोक जातात, मान वर करून बघणारे थोडे, पण एकदा दिसला की मग दरवेळी नजर तिकडे जाते.

आता इथेच गडबड आहे. हे सगळं पुण्य कमावायच्या हिशोबाने बांधलेलं. आणि पुण्याची एक अडचण असते, ते बांधताना मिळतं, टाकी धुताना मिळत नाही. देणारा शेट जातो, मुलं सांभाळतात, नातवंडं भाडोत्री आणि कोर्टकचेऱ्यांत अडकतात, ट्रस्टच्या कागदावर पाणपोई असते पण त्यासाठी ठेवलेल्या रकमेच्या व्याजात आज प्लंबरची एक व्हिजिटही होत नाही. पाणी महापालिकेचं, दगड ट्रस्टचा, फूटपाथ रस्ते खात्याचा, आणि वर हेरिटेजचा नियम, म्हणजे साधी तोटी बदलायची तरी चार जणांना विचारा. असं काम कोण करेल?

दक्षिण मुंबईतल्या एका प्याऊसमोर मी बराच वेळ उभा होतो, नाव सांगत नाही कारण अशा बऱ्याच आहेत. रस्त्यावर दर वेळी डांबराचा नवा थर चढतो, मग पेव्हर ब्लॉक येतात, ते काढून परत सिमेंट येतं, असं होत होत जनावरांचं कुंड निम्मं जमिनीत गेलेलं. सिंहाच्या तोंडातून पाणी यायचं, त्या तोंडात सिमेंट भरलेलं, अगदी थापीचा वळ दिसतो असं. कळसाखाली खिळे मारून मोबाइल कव्हरवाल्याने माल टांगलेला आणि मागच्या बाजूला कोणाची तरी स्कूटर. गंमत म्हणजे त्या कव्हरवाल्याच्या पायाशीच बिसलेरीची अर्धी बाटली. त्याला मी दोष देत नाही हां, त्याने दुकान लावलं नसतं तर तिथे कचरा असता.

लोक म्हणतात बाटलीबंद पाण्यामुळे प्याऊ मेल्या. अर्धं खरं आहे. बिसलेरी मुंबईत 1965 मध्ये आली, पार्लेने 1969 मध्ये घेतली, पण तेव्हा ते पाणी मोठ्या हॉटेलात जाणाऱ्यांचं होतं, रस्त्यावरचा माणूस बाटली घेऊन फिरायला लागला ते बरंच नंतर. त्याआधीच घराघरात नळ आले होते, ऑफिसात माठ आला, उडप्याकडे आणि इराण्याकडे बसलं की न मागता ग्लास समोर यायचा. बैलगाड्या आणि घोडे गेले. म्हणजे झालं असं की ज्यांच्या तक्रारीला ऑफिसात किंमत असते अशा लोकांनी हळूहळू प्याऊवर पाणी पिणं सोडलं, आणि ज्या दिवशी त्यातल्या शेवटच्याने सोडलं त्या दिवसापासून नळ बंद पडला तरी पत्र लिहिणारं कोणी उरलं नाही. हमालाने कधी वॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलंय?

आणि पाणीपुरवठ्याचीही एक गोष्ट आहे जी दुरुस्तीच्या बातम्यांत येत नाही. मुंबईला सात तलावांतून रोज चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी येतं, त्यातलं बरंचसं भांडुपला शुद्ध होतं, क्लोरीन पडतं, इथवर सगळं उत्तम. पण बहुतेक भागात नळाला पाणी दिवसातले काही तासच. उरलेल्या वेळात पाइपात दाब नसतो, मग कुठे गळती असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. घरात आपण टाक्या बांधून आणि प्युरिफायर लावून यातून वाट काढली. प्याऊला टाकी लागते, टाकीला झाकण लागतं, झाकणाला कुलूप, आणि आठवड्याला ती उघडून घासणारा माणूस. या माणसाची पोस्ट कुठे आहे? तो कुठल्या खात्याचा? दगड घासायला तज्ज्ञ आणले आपण, टाकी घासायला कोणी नेमला नाही.

मग उन्हाळ्यात काय होतं ते सगळ्यांना माहितीय. एप्रिल उजाडला की चौकात मांडव, दोन रांजण, त्यांना गुंडाळलेलं लाल ओलं फडकं, साखळीने बांधलेला स्टीलचा पेला, आणि वर बॅनर, त्यावर भावी नगरसेवक हात जोडून, शिवाय त्यांचे नेते, नेत्यांचे नेते, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात "पिण्याचे पाणी". पहिले आठ दिवस कार्यकर्ता रांजण भरतो. मग शेजारच्या टपरीवाल्याला सांगितलं जातं. मग रांजणाच्या तळाशी हिरवं दिसायला लागतं. पाऊस पडला की मांडव जातो, बॅनर तेवढा राहतो. मी टिंगल करतोय खरी, पण हे पण मान्य करतो की भर उन्हात त्या आठ दिवसांत शेकडो लोक तिथे पाणी पितात. माझा राग त्या कार्यकर्त्यावर नाही. एवढ्या श्रीमंत महापालिकेच्या शहरात पाणी मिळायला कोणाचा तरी फोटो लागतो यावर आहे.

"आता कोण पितं रस्त्यावरचं पाणी, सगळ्यांकडे बाटली असते" हे वाक्य मी एसी ऑफिसात बसलेल्यांकडूनच ऐकलंय. नाक्यावर कामाची वाट बघणारा बिगारी, हातगाडी ओढणारा, कचरा वेचणारी बाई, बारा तासांच्या ड्युटीचा वॉचमन, पाठीला चौकोनी बॅग लावलेला डिलिव्हरीवाला, यांच्याकडेही सकाळी बाटली असते, पण ती मे महिन्यात अकरा वाजता संपते. नंतर? लिटरची बाटली वीस-एक रुपये. दिवसाला तीन-चार लिटर लागतं उन्हात, म्हणजे साठ-ऐंशी रुपये नुसते तहानेचे. आता दुसरा आकडा बघा. महापालिका घरगुती ग्राहकाला हजार लिटरला साधारण सहा-सात रुपये लावते. हजार लिटरला! म्हणजे ज्याच्या घरी नळ आहे त्याला पाणी जवळपास फुकट आणि ज्याला दिवसभर रस्त्यावर काढायचाय त्याला ते तीन हजार पट महाग. 2014 मध्ये मुंबई हायकोर्टाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की अनधिकृत झोपडीत राहणाऱ्यालाही पाणी नाकारता येणार नाही, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मग तोच माणूस झोपडीतून निघून कामावर गेला की हक्क काय घरीच ठेवून जातो?

इथे जुन्या दिवसांच्या आठवणीत रमणाऱ्यांशीही माझं जमत नाही. "पूर्वी लोक कसे पाणी पाजायचे, काय ती संस्कृती" वगैरे. पूर्वी सगळ्यांना सारखं पाजत नव्हते. गावोगावच्या पाणपोईवर पाणक्या वरून धार सोडायचा आणि खाली ओंजळ, ती पद्धत नुसत्या स्वच्छतेसाठी नव्हती, शिवाशिवीसाठी होती, आणि काही जणांना तर ओंजळही मिळायची नाही. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ते तेव्हा केवढं मोठं पाऊल होतं. 1923 मध्ये सीताराम केशव बोल्यांनी मुंबई विधिमंडळात ठराव आणला की सरकारी खर्चाने बांधलेली पाणवठ्यांसारखी सार्वजनिक ठिकाणं सगळ्यांना खुली, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं कागदावर खुलं केलंही, पण ओंजळ भरायला 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन जावं लागलं आणि त्यानंतरही कोर्टातला निकाल 1937 मध्ये लागला. दहा वर्षं, एका तळ्यासाठी. राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख मुद्दाम आहे, तो काही कवितेसाठी टाकलेला नाही.

म्हणून मला साधा रस्त्यावरचा नळ ही फार मोठी गोष्ट वाटते. त्याला पाणक्या लागत नाही, तो नाव विचारत नाही, ओंजळ पुढे करून कोणाकडे वर बघावं लागत नाही. प्याऊ बंद पडली की तहानलेला माणूस परत कोणाच्या तरी मर्जीवर जातो. कोणत्याही सोसायटीच्या गेटवर बघा, वॉचमनच्या केबिनमधली बाटली कुठून भरली जाते, कामवाल्या मावशींचा ग्लास ओट्यावर कुठे ठेवतात, डिलिव्हरीवाल्याने पाणी मागितलं तर आतून काय उत्तर येतं. काही घरी चांगलंच येतं. पण ते घरावर अवलंबून आहे, हाच तर मुद्दा.

पॅरिसचं उदाहरण देतो, परदेशाचे गोडवे गायला नाही, तिथल्या व्यवस्थेसाठी. 1870-71 च्या वेढ्यानंतर रिचर्ड वॉलेस नावाच्या श्रीमंत इंग्रजाने शहराला पाण्याची कारंजी दिली, हिरवी, लोखंडी, चार बायांच्या मूर्ती असलेली, 1872 पासून बसायला लागली. म्हणजे अगदी आपल्या रेडीमनी शेटसारखाच माणूस. फरक एवढाच की जागा कुठे आणि पाणी कुठून हे शहराने स्वतःकडे घेतलं. साखळीचे पेले होते ते 1952 मध्ये आरोग्याच्या कारणाने काढले, नळ चालू ठेवले. आज शहराची स्वतःची पाणी कंपनी ती सांभाळते. दाता गेला, दीडशे वर्षं झाली, पाणी चालू. आमच्याकडे दाता पण तेवढाच दिलदार, दगड तर त्याहून देखणा, मागे खातं नव्हतं.

"नळ चोरतात हो" हा पुढचा आक्षेप. चोरतात, पितळेचे चोरतात. म्हणून लोक दाबायचा बटणवाला नळ बसवतात, भिंतीच्या आतून पाइप घेतात, पायाने दाबायची पट्टी लावतात, बाटली भरायला उंच तोटी देतात, यात रॉकेट सायन्स काही नाही. रस्त्यावरची गटाराची झाकणंही चोरीला जातात, म्हणून महापालिका गटारं बंद करत नाही. आणि पैसे नाहीत हे तर कोणी सांगूच नये. 2022 मध्ये सुशोभीकरणाचा सुमारे 1,700 कोटींचा कार्यक्रम जाहीर झाला होता, खांबाखांबाला एलईडीच्या माळा लागल्या, झाडांना पण लावल्या बिचाऱ्या.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो, आणि तो बायकांनी मांडलेला आहे. प्याऊ द्याल, पण पाणी प्यायलं तर जायचं कुठे? दिवसभर बाहेर काम करणाऱ्या कितीतरी बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण बाथरूम नाही, असलं तर बंद, उघडं असलं तर पैसे मागतात. राइट टू पी चळवळीने मुंबईत 2011 पासून हेच ओरडून सांगितलं. त्यामुळे नुसती प्याऊ सुरू करून बायकांसाठी फार काही होणार नाही, शौचालय आणि पाणी एकाच कामात धरलं पाहिजे, आणि हेरिटेजवाल्या फाइलमध्ये हे बसणारच नाही. पाणी माणसाच्या शरीरातून जातं हे त्या फाइलला ठाऊक नसतं.

मागायचं काय ते साधं आहे. चालू असलेल्या आणि दुरुस्त झालेल्या प्रत्येक प्याऊचं कनेक्शन, मीटर आणि टाकी जल अभियंता खात्याच्या नावावर करा. बजेटमध्ये देखभालीचा वेगळा हेड ठेवा, एकदाचा नाही, दरवर्षीचा. टाकी कधी धुतली आणि पाणी कधी तपासलं याची तारीख तिथेच लिहा, खडूने लिहिली तरी चालेल. दगडाचं काम हेरिटेज सेलने बघावं, त्यात पाणी खात्याने लुडबुड करू नये, आणि उलटही. जुनी प्याऊ जिथे आहे तिथे आज माणसं नसतील तर ती शोभेला राहू द्या, पण मग नवी, साधी, कळस-बिळस नसलेली स्टेशनच्या बाहेर, मजूर नाक्यावर, रिक्षा स्टँडला बसवा. ज्या ट्रस्टला किंवा कंपनीला पैसे द्यायचेत त्यांनी खुशाल द्यावेत, नाव संगमरवरात कोरावं, मोठं कोरावं. फक्त त्याच पाटीवर खाली वॉर्डाच्या पाणी खात्याच्या इंजिनियरच्या ऑफिसचा फोन नंबर टाका, त्याच आकाराच्या अक्षरात, म्हणजे नळ कोरडा पडला की शेटच्या नावाने नाही, बरोबर माणसाच्या नावाने शिव्या घालता येतील.